दोन सुताचा पान्हा

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बागेतल्या विहिरीवरचा जुना पंप उघडायला बसले आणि पहिल्याच नटाचे कोपरे उडवले. तेराचा पान्हा बसत नव्हता, चौदाचा जरा सैल वाटत होता, पण हाताशी तोच होता. जोर लावला तसा तो सटकला, बोटाची साल निघाली आणि नट जवळजवळ गोल झाला. हा पंप ज्या लिस्टर नावाच्या इंग्लिश डिझेल इंजिनावर चालायचा ते माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, हातचं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने वीज गेली तेव्हा त्यांनी हेच इंजिन हँडल मारून चालू केलं होतं आणि अख्ख्या वाडीने आमच्या विहिरीचं पाणी भरलं होतं. पुढच्या वर्षी अण्णा गेले. म्हणून त्या एका नटाचं मला फार लागलं.

गडग्यापलीकडून तात्या बघत होते. तात्या आमचे शेजारी. एसटीच्या डेपोत फिटर होते, आता ऐंशीला आलेत. ते गडगा ओलांडून आले, नटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हो नट मिलीचो नाय गो बाय, इंचाचो आसा. अण्णाची पेटी काढ."

अण्णांची पेटी म्हणजे फणसाच्या लाकडाची, पितळी कड्यांची एक जड पेटी आणि तिच्याबरोबर दोन गोणपाटं. हे सगळं मांगरात पडलं होतं. अण्णा देवगड बंदरात लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचे, भाताच्या गिरणीचं, बागेतल्या पंपांचंही काम घ्यायचे. ते गेल्यावर त्या पेटीला कोणी हात लावला नव्हता. आदल्या दिवाळीला भंगारवाल्याने सगळ्याचं वजन केलं होतं, एक्केचाळीस किलो, आणि किलोला अठ्ठावीस रुपये सांगितले होते. आईने "राहू दे" म्हटलं म्हणून राहिलं. मी तेव्हा काहीच बोलले नव्हते, हे आज आठवलं तरी कसंतरी होतं.

शाळेला सुट्टी लागली होती. मी खळ्यात ताडपत्री पसरून दोन्ही गोणी ओतल्या. पहिल्या नजरेला सगळा एकच तांबडा ढीग. देवगडचा खारा वारा लोखंडाला काय करतो ते खिडकीच्या गजांवर रोज दिसतंच, इथे तर तीन पावसाळे गेलेले. मी तारेचा ब्रश घेऊन घासायला लागणार तोच तात्यांनी हात धरला. "आधी वाचूक शिक. मगे घास."

मग त्यांनी मला वाचायला शिकवलं. रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं एका पान्ह्यावर फिरवलं, गंज जरा बसला, आणि दांड्यावर अक्षरं वर आली. एका तोंडापाशी 1/4 W आणि त्याच्याखाली 5/16 BS. मी व्हर्नियर लावून तोंड मोजलं. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, पण तोंड निघालं 13.3 मिलिमीटरचं, म्हणजे दुपटीहूनही जास्त. मला वाटलं छापण्यात चूक झाली.

"आकडो नटाचो नसता गो, बोल्टाचो," तात्या म्हणाले.

सगळ्याची किल्ली ही होती. आपल्या मिलीच्या पान्ह्यावर तेरा लिहिलं असेल तर नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर तेरा मिली असतं. जुन्या इंग्रजी पान्ह्यावर तसं नसतं. तिथे नट ज्या बोल्टवर बसतो त्या बोल्टची जाडी लिहिलेली असते. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनियरने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा करून त्यांचे आटे तपासले आणि 1841 साली सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं: आट्याचा कोन 55 अंश आणि बोल्टच्या जाडीप्रमाणे इंचाला किती आटे ते ठरलेलं. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच याचा भरवसा नव्हता. पुढे बारीक आट्यांचे बीएसएफ, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, बोल्ट आले; पान्ह्यावरचं बीएस ते हेच. त्यांचं डोकं एक नंबर लहान ठेवलं, म्हणून पाव इंची व्हिटवर्थचा पान्हा 5/16 च्या बीएसएफला चपखल बसतो. एकाच तोंडावर दोन आकडे असण्याचं कारण एवढंच.

तात्या हे आकडे असे वाचत नाहीत. ते सुतात वाचतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून 1/4 म्हणजे दोन सूत, 5/16 म्हणजे अडीच सूत, 3/8 म्हणजे तीन सूत. बांधकामाची सळई घ्यायला गेलं की आजही दुकानदार "तीन सुताची देऊ का" विचारतो, पण तेच सूत या पान्ह्यांवर कोरलेलं आहे हे मला पंचेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं. मी शाळेत मुलांना अपूर्णांक शिकवते. अडीच अष्टमांश म्हणजे पाच सोळांश हे फळ्यावर शंभर वेळा लिहिलं असेल. त्या दिवशी ते पहिल्यांदा हाताला लागलं.

संध्याकाळी नटावर रॉकेल सोडून ठेवलं. सकाळी तात्यांनी पेटीतून दोन सुताचा रिंग पान्हा काढून दिला, हातोडीने नटावर चारी बाजूंनी हलके ठोके मारायला लावले आणि मग पान्हा बसवून एकच झटका. नट सुटला. कोपरे गेलेले असूनही सुटला, कारण उरलेल्या कोपऱ्यांना धरायला योग्य मापाची भिंत मिळाली. व्हिटवर्थची बहुतेक मापं मिलीत अशीच मधोमध पडतात. दोन सुताचं 13.3, अडीच सुताचं 15.2. तीन सुताचं मात्र 18 मिलीच्या इतकं जवळ आहे की अठराचा पान्हा जवळपास बसून जातो. म्हणूनच घोळ होतो. एकदा काम भागतं, मग माणूस सगळीकडे तेच करायला जातो.

पुढचे आठ दिवस मी नुसती वर्गवारी करत होते. ढिगातून तीन घराणी निघाली. डब्ल्यू आणि बीएसचे पान्हे गिरणीच्या आणि पंपांच्या लिस्टरसाठी. दुसरे इंचातलेच, पण 7/16, 1/2, 9/16 असे नुसते आकडे असलेले. ते अमेरिकन पद्धतीचे, आणि त्यांत आकडा नटाचाच असतो. ते कशाला, तर जीपला. महिंद्राने 1940 च्या दशकाच्या शेवटी विलीज जीप जुळवायला घेतल्या, आणि आंब्याच्या पेट्या बागेतून रस्त्यापर्यंत आणायला आमच्या भागात जीपच लागायची. तिसरे मिलीचे. 1954 साली टाटांनी मर्सिडीज गाड्या बनवणाऱ्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जर्मन मापांच्या गाड्या इथे बनू लागल्या. तात्यांचं आयुष्य त्याच गाड्यांखाली गेलं. भारताने मेट्रिकचा कायदा केला 1956 साली, पण कायदा झाला म्हणून विहिरीवरच्या इंजिनाचे नट बदलत नाहीत. त्यामुळे अण्णांच्या पिढीच्या मेकॅनिकला तिन्ही संच बाळगावे लागले. त्या पेटीचं एक्केचाळीस किलो वजन तिथून आलेलं.

एक गोष्ट इथे सांगून ठेवते, कारण तिने मला दोनदा फसवलं. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचाला वीस आटे असतात. पाव इंची अमेरिकन जाड आट्याच्या बोल्टलाही वीसच. पण याचा कोन 55 अंश, त्याचा 60. एकाचा नट दुसऱ्यावर फिरतो, म्हणून आपल्याला वाटतं जमलं. पण तो पुरता बसलेला नसतो, आणि आवळला की आटे खाल्ले जातात. अण्णांच्या पेटीत आटे मोजायचा गेज होता, चाकूसारखी बारीक दातेरी पाती उघडणारा. तो बोल्टला लावून उजेडासमोर धरला की फट दिसते किंवा दिसत नाही. शंका असेल तिथे मी आता तोच लावते.

मग खुणा. सगळ्यात आनंद मला खुणा वाचण्यात झाला. एका जाड पान्ह्यावर बाणाची लहानशी खूण आणि 1943. तो बाण इंग्रज सरकारच्या लष्करी मालाचा. युद्ध संपल्यावर असला माल ढिगाने विकला गेला, त्यातला हा. एका पान्ह्यावर गेडोरे हे नाव आणि मेड इन डब्ल्यू. जर्मनी. पश्चिम जर्मनी हा देश 1949 ते 1990 एवढाच होता, म्हणजे पान्ह्याचं वय त्या एका अक्षरात आलं. गेडोरे हे नावही तीन शब्दांच्या सुरुवातीपासून झालेलं: गेब्रूडर डोविडाट, रेमशाइड. डोविडाट बंधू, गाव रेमशाइड. किंग डिक या इंग्लिश कंपनीच्या छोट्या स्क्रू पान्ह्यावर, गंजाखालून, तिची खूण असलेला बुलडॉग कुत्रा निघाला. आणि टपारियाची पक्कड, नाशिकची. टपारियाने 1969 च्या सुमारास एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने हत्यारं बनवायला सुरुवात केली. या पकडीच्या जबड्याचे दात झिजून गुळगुळीत झालेत, पण सांधा अजून डगमगत नाही. मिटून उजेडात धरली तर दोन्ही जबडे टोकाला नीट मिटतात, मध्ये उजेड येत नाही. पक्कड घेताना हे बघायचं, हे तात्यांचं सांगणं.

नाव नसलेलीही पुष्कळ होती. ती टाकाऊ समजू नयेत. त्यांच्यासाठी आधी कडेची रेघ बघायची. ओतीव हत्याराला साच्याच्या जोडाची बारीक, उठून दिसणारी रेघ असते. ठोकून घडवलेल्याची कडेची पट्टी रुंद असते, कारण साच्याबाहेर आलेली किनार कापून घासलेली असते. मग हत्यार दोरीला टांगून टिचकी मारायची. घडवलेलं पोलाद देवळातल्या घंटेसारखं लांबवर वाजतं, ओतीव बिडाचं "ठक" करून थांबतं. मी खळ्यातल्या आंब्याच्या फांदीला सुंभ बांधून सगळे पान्हे एकेक करून वाजवले. आई ओटीवरून ऐकत होती. तिसऱ्या-चौथ्यानंतर तीच सांगायला लागली, "हा चांगला." तिचा एकही अंदाज चुकला नाही.

गंजाचं काम यानंतर. आमच्याकडचा गंज घाटावरच्या गंजासारखा नाही. त्याच्या पोटात मीठ असतं. वरून चकचकीत करून तेल लावलं तरी चार दिवसांनी तांबूस घामाचे थेंब फुटतात. म्हणून आधी गोड्या पाण्यात भिजवायचं, पाणी दोन-तीन दिवस बदलत राहायचं. मग विजेची पद्धत. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, जुन्या पद्धतीचा 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. हत्यार ऋण टोकाला, म्हणजे काळ्या चिमट्याला. लाल चिमट्याला भंगारातला साध्या लोखंडाचा पत्रा, आणि दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. स्टेनलेस स्टील मात्र चुकूनही लावू नये, त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. हे उघड्यावर करावं, कारण बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो. जवळ विडी-काडी नको. क्रोमचा मुलामा असलेली हत्यारं यात घालायची नाहीत, मुलामा सुटतो. चार-पाच तासांनी गंज काळा चिखल होऊन फडक्याने पुसला जातो, आणि खालचं चांगलं लोखंड खाल्लं जात नाही. बाहेर काढलं की लगेच धुऊन, तापलेल्या चिऱ्यावर वाळवून तेल. पाच मिनिटं विसरलं तर डोळ्यांदेखत नारिंगी होतं.

आंबटाने हे काम झटपट होतं असं ऐकून मी एकदा घाई केली. सहा इंचांची पोलादी पट्टी, इंचाच्या चौसष्टाव्या भागापर्यंत रेघा असलेली, लिंबूसत्वाच्या पाण्यात घातली. पाहुणे आले, काढायची राहिली, दोन रात्री गेल्या. पट्टी स्वच्छ निघाली, राखाडी, आणि अर्ध्या रेघा नाहीशा. आम्ल गंज संपल्यावर थांबत नाही, पोलाद खात राहतं, आणि त्या रेघा केसापेक्षा उथळ कोरलेल्या होत्या. अण्णा ती पट्टी शर्टाच्या खिशात ठेवायचे. मी ती पुन्हा पेटीत ठेवली आहे, पण मोजायला आता तिचा उपयोग नाही. त्यानंतर आंबट बंद. खोल खड्ड्यांत राहिलेल्या गंजाला मी हिरड्याचा दाट काढा लावते. हिरड्यातल्या तुरट द्रव्याने गंज काळा पडून बसतो. जुनी शाई हिरडा आणि लोखंडापासून करायचे, तेच हे. त्यावर तेलाचा हात दिला की पान्हा काळाशार दिसतो, नवा दिसत नाही, आणि मला तो तसाच आवडतो.

स्वच्छ झाल्यावर प्रत्येक हत्यारावर तीन ठिपके दिसायला लागले. सेंटर पंचाने मारलेले, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले. ही अण्णांची खूण. बंदरात चार मेकॅनिकांची हत्यारं एकाच लाँचीवर पडलेली असायची, संध्याकाळी ज्याचं त्याच्या घरी परतावं म्हणून. लष्करी बाणाशेजारीही तीन ठिपके, बुलडॉगच्या पोटाखालीही तीन ठिपके. हातोड्याला दांडा होता धामणीच्या लाकडाचा. मूळचा विलायती दांडा कधीतरी मोडला असणार. धामण लवचीक, झटका हाताला येऊ देत नाही, म्हणून आमच्याकडे कुऱ्हाडीलाही तीच. कानशी सगळ्या भारतीय. त्यातल्या दोनांवर जे. के.चं नाव, ज्यांचा कानशींचा कारखाना आपल्या रत्नागिरीतही आहे. एक त्रिकोणी कानस घासून घासून तिचा स्क्रॅपर केलेला होता, बेअरिंग खरवडायला. पोलाद उत्तम, दात संपले, तर फेकायची कशाला?

आणि तो वाकडा. अडीच सुताचा रिंग पान्हा, दांडा मधोमध नागासारखा वळलेला, वळणाच्या दोन्ही बाजूंना पोलाद तापवल्याचा निळसर डाग, आणि रिंगची एक कड घासून निम्मी केलेली. हत्यारं जमवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला मी फोटो दाखवला. तो म्हणाला, "हा बाद, याला किंमत नाही." मी तात्यांना दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "माझ्या समोर वाकवल्यान अण्णान." एका लाँचीत इंजिन फळ्यांच्या इतकं जवळ बसवलेलं होतं की मागचा एक नट काढायला अख्खं इंजिन उचलावं लागायचं. पावसाळ्याची मासेमारीची बंदी उठायला दोन दिवस राहिलेले. अण्णांनी लोहाराच्या भात्यावर चांगला सरळ पान्हा तापवला, नजरेने वळण दिलं, लाँचीत उतरून लावून बघितला, परत वर आले, परत तापवला. तिसऱ्या खेपेला नट सुटला. त्या पान्ह्याने नंतर वीस-एक वर्षं तेवढा एकच नट काढला आणि बसवला.

त्याच्या शेजारी माझ्या वहीत मी किंमत लिहिलेली नाही. वहीत बाकी प्रत्येकाचं माप, खूण, घराणं आणि कुठल्या इंजिनासाठी ते लिहिते आहे. एकशे बारा नोंदी झाल्या. ज्यांचं वळण आणि झीज आहे त्यांना घासताना मी ब्रशसुद्धा हलका फिरवते, कारण तो निळा डाग गेला तर ती दोन दिवसांची गोष्टच गेली.

शेवटी मायक्रोमीटर, अगदी बारीक जाडी मोजायचं हत्यार. लाकडी डबीत, तेलकट फडक्यात, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या मूर अँड राइट कंपनीचा, शून्य ते एक इंच मोजणारा. गच्च बसला होता. डिझेल आणि रॉकेल थेंब थेंब सोडत अकरा दिवस ठेवला, जोर अजिबात लावला नाही, आणि बाराव्या दिवशी तो बोटांत फिरला. त्याच्या आतल्या स्क्रूला इंचाला चाळीस आटे, म्हणजे एका फेऱ्यात इंचाचे पंचवीस हजारांश. बाहेरच्या नळीवर पंचवीस रेघा, म्हणजे एक रेघ इंचाचा हजारावा भाग, फिटरांच्या भाषेत एक थाऊ. जबडे मिटवले तर शून्य शून्यावर आलं.

तात्यांना आता त्या रेघा दिसत नाहीत. मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्या शाळेच्या वहीचं एक पान मध्ये धरलं, डोळे मिटले आणि रॅचेट फिरवली. कट, कट, कट. मग बोटांनी नळी जरा मागेपुढे चाचपली.

"तीन आसतले."

मी चष्मा चढवून वाचलं. तीन थाऊ. तात्यांनी डोळे उघडले, पान काढून घेतलं आणि म्हणाले, "आता तुझो एक केस दी."